गिराम सरांची जागतिक परिषद

सातवी ‘ब’ची हजेरी चालू असताना तुम्ही आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून चाललात, तर पाय आपोआप थांबतील. आतून गिराम सरांचा आवाज येतो, “नेपाळ?”

“हजर सर.”

“ब्राझील?”

“हजर सर.”

“मंगोलिया?”

जरा शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, “मंगोलियाला जुलाब लागलेत सर. आई म्हणली, उद्या पाठवते.”

“नोंद घेतली,” सर म्हणतात आणि केनियाकडे वळतात.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. शाळा महानगरपालिकेची, जुन्या जालन्यातली. माझ्या आणि सरांच्या वर्गामध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे खडू पडला तरी अलीकडे कळावा. आठ वर्षं झाली, मी अलीकडे काळ-काम-वेग शिकवते आणि पलीकडची जगाची भांडणं ऐकते. एकदा दोन नळ एक हौद किती तासांत भरतील ते मी फळ्यावर सोडवलं, उत्तराखाली रेघ ओढली, आणि नेमका तेव्हाच भिंतीतून आवाज आला, “आमच्या देशाला हे मान्य न्हाई.” माझी पोरं तास संपेपर्यंत फिदीफिदी हसत होती. मधल्या सुट्टीत मी सरांना चांगलं झाडलं. माझा स्वभाव जरा तिखट आहे, शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नोंद घेतली.” या दोन शब्दांपायी मी आजवर किती वेळा दात खाल्ले असतील, देव जाणे.

तर त्यांची पद्धत अशी. जूनमध्ये शाळा उघडली की सर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन वर्गात येतात. डब्यात चिठ्ठ्या, चिठ्ठीत देश. ज्याच्या हाताला जो येईल तो वर्षभर त्याचा. बदलून मिळत नाही. “देश मागून घेता येत नस्तो,” सर म्हणतात. “चिठ्ठीत आला तो आपला. आता त्याचं बरं-वाईट तुमी बघायचं.” मग पोरांनी त्या देशाचे शेजारी कोण, नद्या कुठल्या, तिथली माणसं खातात काय, भांडतात कशावरून, सगळं शोधून काढायचं. आणि दर शनिवारी सकाळी परिषद. बाकं गोल लावायची, सर अध्यक्ष, पोरं प्रतिनिधी. एखादा खरा तंटा घ्यायचा आणि बोलून मिटवायचा.

आमची पोरं कोण? कुणाचे वडील सळयांच्या कारखान्यात, कुणाचे मोंढ्यात हमाल, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. निम्म्यांची मजल राजूरच्या गणपतीपलीकडे गेलेली नाही. ती पोरं उभी राहून “माननीय नॉर्वे, आपण मुद्द्यावर या,” असं म्हणतात तेव्हा हसावं की त्यांची दृष्ट काढावी कळत नाही.

एका वर्षी एक आई तावातावानं शाळेत आली. शेजारणीच्या पोराला रशिया आणि हिच्या पोराला मालदीव. “गरिबाचं लेकरू म्हणून एवढा बारका देश दिला व्हय?” असं तिचं म्हणणं. मी असते तर दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नकाशा काढला आणि अर्धा तास समजावलं. ती काही हटेना. शेवटी सर म्हणाले, “ताई, आपल्याकडं नळाला पाणी न्हाई. तुमच्या पोराला चारी बाजूनं समुद्र भेटलाय.” बाई विचारात पडली. मग पदर सावरून उठली आणि जाताना शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं पोराला म्हणाली, “सांभाळून ऱ्हा रे, पाण्याचा देश हाय.”

पाण्यावरून आठवलं. एकदा परिषदेत नाईल नदीचा वाद होता. वर इथिओपिया, खाली इजिप्त. इजिप्त म्हणजे रुक्सार, जिचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि टोकाच्या घरापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा जीव गेलेला असतो. तिनं पुस्तकातलं भाषण बाजूला ठेवलं आणि कमरेवर हात देऊन, अगदी आपल्या आईसारखी, इथिओपियाला सुनावलं की तुम्ही वरचे लोक नळाला मोटर लावता, मग आमच्या तोटीला नुसती हवा येते. इथिओपियानं मोटर लावल्याचं कबूलच करून टाकलं. त्याच्या घरी खरंच होती. तासाभरानं करार झाला आणि त्यातलं पहिलं कलम होतं, नदीला कुणीही मोटर लावणार नाही. सरांनी तो करार शिक्षक खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला चहा गार झालेला कळला नाही.

सर स्वतः म्हणजे पन्नाशीचे, काटकुळे, शनिवारी काळा कोट घालणारे. एप्रिलमध्येसुद्धा. जालन्याचा एप्रिल ज्यानं काढला नाही त्याला यातलं गांभीर्य कळायचं नाही. घामानं निथळत बसतील, पण अध्यक्षांच्या अंगातून कोट उतरायचा नाही. लग्न झालेलं नाही. मी एकदा आडून विचारलं तर म्हणाले, सात ठिकाणी बोलणी झाली, करार एकही झाला न्हाई. स्टेशनच्या बाजूला एका खोलीत राहतात. गाव पिंपळगाव रेणुकाई, इथून एका बसच्या अंतरावर, पण मी त्यांना गावी जाताना कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीतही ते शाळेत येऊन नकाशे चिकटवत बसायचे. शिपाईमामा कुलूप घेऊन उभे राहायचे आणि सर म्हणायचे, “पाच मिनिटं, मामा, एवढं आफ्रिका होऊ द्या.” मी म्हणायची, काय बाई हौस. हौस नव्हे ते, हे मला फार उशिरा कळलं.

परिषदेचा एक नियम मात्र लोखंडी होता. ज्या देशावर प्रश्न आला त्यानं पुढच्या शनिवारी उभं राहून उत्तर द्यायचं. टाळाटाळ केली तर देश जप्त. मागे एकदा पोलंडनं पोटदुखीचं सोंग केलं, तर त्याला महिनाभर विनादेश बसवलं होतं. पोरगं रडकुंडीला आलं.

आता जे घडलं ते मागच्या ऑगस्टमधलं. प्रतिनिधींपुढे ठेवायच्या देशांच्या पाट्या सर लग्नपत्रिकांच्या करतात. जाड कागद, मागची बाजू कोरी, मधोमध घडी घातली की बाकावर उभी राहते. बाहेरून भूतान, आतून कुणाचा तरी शुभविवाह. लगीनसराई संपली की पोरं घरोघरच्या पत्रिका गोळा करून आणतात. त्या शनिवारी भूतानची जुनी पाटी फाटली म्हणून नंदिनीनं नवी पत्रिका आणली होती. नंदिनी म्हणजेच भूतान. शांत पोरगी, वर्षभरात फार तर चार वाक्यं बोलली असेल. तिच्या मामाचं गाव पिंपळगाव रेणुकाई.

मी अलीकडे अपूर्णांक शिकवत होते आणि पलीकडे एकाएकी इतकी शांतता झाली की मी खडू ठेवून बघायला गेले. नंदिनी पत्रिका हातात धरून उभी होती. सर खुर्चीत, आणि कोट असून अंगात जीव नसल्यासारखे. पोरांनी मला नंतर सांगितलं ते असं. घडी घालता घालता नंदिनीनं पत्रिका वाचली. लग्न सरांच्या पुतणीचं, मे महिन्यात झालेलं. खाली निमंत्रक म्हणून घरच्या माणसांची नावं, आणि त्यात दुसरं नाव सरांचं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, मी त्या लग्नात जेवून आल्ते, तुम्ही कुठं दिसले न्हाईत. आणि मग तिनं प्रश्न टाकला, तो मी दारात उभी राहून माझ्या कानांनी ऐकला.

“अध्यक्ष महोदय, मामा सांगत व्हता, तुमी नऊ वर्षं झाले भावाशी बोलत न्हाईत. मंग आमाला कसं काय शिकवून राह्यले?”

मी त्या पोरीला गप्प करायला तोंड उघडलं होतं. पण सरांनी हात वर केला. पत्रिका मागून घेतली, आपल्या नावावरून बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाले, “नोंद घेतली.” त्या दिवशी मी दात खाल्ले नाहीत.

आठवडाभर सर शिक्षक खोलीत फिरकले नाहीत. मी मनात म्हटलं, रजा टाकतील, दुसरं काय करणार. पण शनिवारी सकाळी काळा कोट घालून माणूस हजर. खुर्चीत बसले नाहीत. पोरांसारखे बाकाजवळ उभे राहिले. मी माझ्या पोरांना उदाहरणं सोडवायला दिली, पण एकानंही पेन्सिल हलवली नाही. आम्ही सगळे भिंतीला कान लावून होतो.

सरांनी सगळं सांगितलं. वडील मेंढरांचे सौदे करायचे. मोठ्या भावानं चौथीत शाळा सोडली आणि कळपामागं गेला, म्हणून धाकटा शिकून मास्तर झाला. वडील गेल्यावर भावानं न विचारता कळप विकला, कारण रानात चराई उरली नव्हती आणि एकट्याला झेपत नव्हतं. हे सरांना तेव्हा समजून घ्यायचं नव्हतं. तेराव्याच्या दिवशी, सगळी भावकी जेवायला बसलेली असताना, ते भावाला म्हणाले की अडाणी माणूस शेवटपर्यंत अडाणीच राहतो. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. ताटावरून उठला नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. लग्नाचं कानावर आलं होतं. महिनाभर पत्रिकेची वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून गेले नाहीत.

“चूक माझी हाय,” सर म्हणाले. “तवाच कळलं व्हतं. सांगायला गेलो न्हाई. लाज वाटली, दुसरं काई न्हाई.”

मग रुक्सारनं, म्हणजे इजिप्तनं, मुद्दा मांडला की पत्रिकेत नाव छापलंय म्हणजे दार उघडं आहे. ब्राझीलनं अनुमोदन दिलं. ठराव आला की अध्यक्षांनी उद्याच्या रविवारी पिंपळगावला जावं आणि सोबत एक तटस्थ निरीक्षक न्यावा. मतदान झालं. वर्गातले सगळे देश बाजूनं, विरोधात एकच मत, ते अध्यक्षांचं. निरीक्षक म्हणून पोरांनी मला नेमलं. मला कुणी विचारलं? बिलकुल नाही. नंदिनी दारात येऊन एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही स्वित्झर्लंड.”

रविवारी सकाळी आम्ही बसमध्ये बसलो. सर कोट घालून आले होते. खिशात चार घड्यांचा कागद, त्यावर भाषण. मी मागून घेऊन वाचलं. सुरुवात ‘माननीय दादा’ अशी होती आणि तिसऱ्या ओळीत ‘उभयपक्षी’ हा शब्द होता. मी म्हटलं, सर, भावाकडे चाललो आहोत, हे काय लिहिलंय? त्यांनी कागद परत घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

राजूर आलं तसे उठले. म्हणाले, गणपतीचं दर्शन घेऊ. घेतलं. मग म्हणाले, चहा घेऊ. घेतला. मग म्हणाले, पेढे घेऊ. पेढे घेतले, पुन्हा म्हणाले, अजून एक चहा. तोवर दोन बस निघून गेल्या होत्या. साऱ्या जगाची भांडणं मिटवणारा माणूस टपरीवर रिकामी बशी हातात धरून बसलेला. मी रागावणारच होते.

“बाई,” ते म्हणाले, “त्यानं तोंडावर दार लावलं तर? आजवर निदान वाटायचं तरी, कवातरी जाऊ. त्यानं दार लावलं तर मंग मला कुणीच न्हाई.”

माझा तिखटपणा कुठल्या कुठे पळाला. मी त्यांच्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली आणि म्हटलं, चला, तिसरी बस आली.

पिंपळगावात उतरलो. घर वस्तीच्या कडेला, समोर मिरचीचं वावर. सरांचे दादा ओसरीवर बसून काथ्या वळत होते. सरांसारखेच काटकुळे, फक्त मिशा पांढऱ्या आणि खांद्यावर टॉवेल. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हातातला काथ्या तसाच राहिला. सरांनी खिशातून कागद काढला, उलगडला, “माननीय” एवढं म्हणाले आणि थांबले. कागद परत खिशात गेला.

“दादा,” ते म्हणाले, “चूक माझी व्हती.”

दादांनी काथ्या बाजूला ठेवला. मग आत तोंड करून, बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, “पाव्हण्यान्ला पाणी आण वं.” पाव्हणे. सख्ख्या भावाला. सरांनी मान खाली घातली.

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दिराला पाहून तांब्यासकट तिथंच थांबल्या. त्यांचं तोंड मात्र लगेच सुरू झालं. लग्नाला का आले न्हाईत, हळदीपासून वाट पाहून राह्यलो, अक्षता टाकायच्या येळेला ह्यांनी दोनदा भटजीला थांबवलं. सर कसेबसे म्हणाले, मला पत्रिका आली नव्हती. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं का, भावजी? तुमचं नाव तर छापलं व्हतं.”

एवढं साधं. निमंत्रकाला निमंत्रण द्यायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सर महिनाभर पाहुण्यासारखी पत्रिकेची वाट बघत बसले, आणि दादा मांडवात घरच्या माणसाची. मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम.

तेवढ्यात दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात सरांपुढे धरला. सरांनी टॉवेलखाली हात घातला. दोघंही एकमेकांकडे न बघता, समोरच्या मिरचीकडे तोंड करून बसले. टॉवेल मधूनच हलायचा. मी वहिनींना डोळ्यांनी विचारलं, काय चाललंय? त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, मेंढरांच्या बाजारात सौदा असाच होतो, चारचौघांना भाव कळू नये म्हणून कापडाखाली बोटं धरून, जितकी बोटं तितका आकडा. यांचे वडील दोघांना शिकवून गेलेत. आता मेंढरं न्हाईत, भावजी किती दिवस राहणार त्याचा सौदा चाललाय.

जरा वेळानं दादांनी टॉवेल झटकला आणि पहिल्यांदा सरांकडे सरळ बघितलं. “चार दिवस,” ते वहिनींना म्हणाले. “ठरलं. भाकरी टाक.”

जेवण झालं. ठेचा असा होता की माझा स्वभाव त्यापुढे गोड म्हणावा. निघताना मी सरांना चिडवलं. येताना तर संध्याकाळच्या बसनं परत येणार म्हणत होतात, भावानं चार दिवसांवर ओढलं की नाही? सौद्यात हरलात, अध्यक्ष महोदय. सर नुसते हसले. कोट कधीच उतरवून खुंटीला लावलेला होता. बनियनवर बसून पुतणीच्या लग्नाचे फोटो बघत होते.

दादा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. हातात माझ्यासाठी हिरव्या मिरच्यांची पिशवी. बस लांबून दिसली तेव्हा म्हणाले, “बाई, तुमी मगा त्याला हसले, पर तसं न्हाई झालं.”

मी म्हटलं, मग कसं झालं?

“म्या एकच दिस मागितल्ता,” ते म्हणाले. “एकच बोट धरलं, तेबी भीत भीत. चार त्यानं धरले. अन् धरले ते सोडूनच न्हाई राह्यला.”